सकाळचा आलेख दुपारी जुळत नाही: वाड्याच्या भिंतीवर एनएमआर सेन्सर आणि सरकणारा थर

तक्रार ठरलेली असते. सकाळी नऊला भिंतीवरच्या खुणेसमोर एनएमआर सेन्सर (चुंबक आणि रेडिओ-लहरी वापरून भिंतीतलं पाणी मोजणारं यंत्र) लावला, गिलाव्यातल्या ओलीचा आलेख घेतला. दुपारी तीनला तीच खूण, तोच सेन्सर, तीच सेटिंग, आणि आलेख भलताच. मग एक जण म्हणतो भिंत वाळली, दुसरा म्हणतो यंत्र गेलं. बहुतेक वेळा दोघंही चुकलेले असतात. चुंबक तापलेला असतो, एवढंच.

सातारा-सांगली भागातल्या जुन्या वाड्यांत, देवळांत आणि घाटांलगतच्या इमारतींत ही अडचण जास्त जाणवते. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर पांढरी माती किंवा विटा, त्यावर चुन्याचा गिलावा, आणि नशीब असेल तर गिलाव्यावर चित्रं. वाईजवळ मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात आहेत तशी. सांगलीकडे यात २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांची भर. पुराचं पाणी ओसरलं तरी भिंतीत क्षार राहतात आणि पुढची कित्येक वर्षं लोणा वर येत राहतो. अशा भिंतीत पाणी किती खोलवर आहे हे न खरवडता कळावं म्हणून हा सेन्सर वापरतात. जर्मनीत आखेनला बर्नहार्ड ब्ल्यूमिश यांच्या गटाने १९९६ मध्ये ‘एनएमआर-माउस’ या नावाने एकतर्फी सेन्सर मांडला. पुढे सपाट, पातळ थर निवडणारे चुंबक आले आणि खोलीनुसार आलेख काढणं शक्य झालं.

पुढचे सगळे आकडे २५ मिलिमीटर खोलीपर्यंत जाणाऱ्या, साधारण १३.१ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या आणि मीटरला ७.५ टेस्ला ग्रेडियंट (अंतरानुसार चुंबकीय क्षेत्र उतरण्याचा दर) असलेल्या सेन्सरसाठी आहेत. तुमच्या यंत्राचे आकडे त्याच्या चाचणी-पत्रकात मिळतील, ते घालून हिशोब पुन्हा करा.

आधी आलेख कसा बदलला ते बघा

सेटिंगला हात लावण्याआधी दोन्ही आलेख एकावर एक ठेवा. संपूर्ण आलेख आकार न बदलता डावीकडे-उजवीकडे सरकला असेल तर तापमान. जागच्या जागी राहून उंची कमी-जास्त झाली असेल तर कॉइलचं (रेडिओ-लहरी सोडणाऱ्या आणि ऐकणाऱ्या तारेच्या वेटोळ्याचं) ट्यूनिंग किंवा पल्स (तिने सोडलेला लहरींचा झटका). जागा आणि उंची ठीक, पण बिंदू विखुरलेले असतील तर बाहेरचा गोंगाट. पृष्ठभागाची कड सकाळी तीव्र आणि दुपारी उतरती दिसत असेल तर सेन्सर तिरका बसला आहे. आणि फक्त पुढचे चार-पाच मिलिमीटर बदलले, मागचा भाग तंतोतंत जुळला, तर ती भिंत बोलते आहे. यंत्राला दोष देऊ नका.

दोन कारणं एकत्रही येतात. तरी तपासताना हाच क्रम ठेवा, कारण थर सरकलेला असताना उंचीबद्दल काहीही ठरवता येत नाही.

थर का सरकतो

सेन्सर भिंतीच्या आतल्या एकाच पातळ थरातलं हायड्रोजन ऐकतो. कुठला थर, हे ठरतं चुंबकीय क्षेत्रावरून. हायड्रोजनच्या केंद्रकाची वारंवारता टेस्लामागे ४२.५८ मेगाहर्ट्झ, म्हणजे १३.१ मेगाहर्ट्झला क्षेत्र लागतं ०.३०८ टेस्ला. चुंबकापासून दूर जावं तसं क्षेत्र उतरत जातं आणि जिथे ते बरोबर ०.३०८ होतं, तिथला थर उत्तर देतो. खोली बदलायची तर वारंवारता तशीच ठेवून अख्खा सेन्सर लिफ्टवर, म्हणजे त्याच्या सरकत्या बैठकीवर, मागे-पुढे सरकवायचा.

चुंबक निओडिमियम-लोह-बोरॉनचा असतो आणि तो तापला की त्याचं क्षेत्र अंशामागे सुमारे ०.१२ टक्के घटतं. टक्केवारी किरकोळ वाटते. पण ०.३०८ टेस्लाचे ०.१२ टक्के म्हणजे ०.०००३७ टेस्ला, त्याला ७.५ ने भागलं की येतात जवळपास ५० मायक्रोमीटर. एका अंशाला ५० मायक्रोमीटर, दहा अंशांना अर्धा मिलिमीटर. साताऱ्यात जानेवारीत सकाळ आणि दुपार यांत पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. वाड्याच्या जाड भिंतींच्या आत तो कमी असतो, पण सेन्सर सकाळी गाडीच्या डिकीतून काढून थेट भिंतीला लावला असेल तर भिंतींची जाडी काय कामाची?

दिशाही लक्षात ठेवा. क्षेत्र कमजोर झालं की हवं ते मूल्य चुंबकाच्या जवळ सापडतं, म्हणजे थर सेन्सरकडे सरकतो. पडद्यावर खोली ५ मिलिमीटर लिहिलेली, प्रत्यक्षात ऐकू येतो ४.५ वरचा थर. त्यामुळे दुपारच्या आलेखात भिंतीची कड शून्यावर न येता ०.५ वर येते आणि सगळा आलेख खोल बाजूला सरकलेला दिसतो. तुमचा आलेख उलट्या दिशेला सरकला असेल तर सकाळपासून चुंबक थंड होत गेला आहे. तापलेल्या डिकीतून काढलेल्या सेन्सरचं हेच होतं.

याची फिकीर किती करायची? वीस मिलिमीटर जाड गिलाव्यात ओल कुठवर चढली एवढंच पाहायचं असेल तर अर्ध्या मिलिमीटरने काही बिघडत नाही, सोडून द्या. पण सफेदीचे एकावर एक बसलेले हात, चित्राखालचा गुळगुळीत चुना किंवा डागडुजीत भिनवलेलं रेझिन किती आत गेलं हे मोजायचं असेल तर तो थरच मुळात दोन-तीन दशांश मिलिमीटरचा असतो. तिथे अर्धा मिलिमीटर चुकणं म्हणजे शेजारच्या घराची पाहणी करून येणं.

उपाय: संदर्भाचा तुकडा

चुंबकाला थर्मामीटर लावणं चांगलं, पण पुरेसं नाही. बाहेरची चौकट तापते आणि आतला काही किलोंचा चुंबक तासन्‌तास मागे राहतो. म्हणून खरा पंच म्हणजे संदर्भाचा तुकडा. दोन मिलिमीटर जाडीचा, सपाट, भरणी न मिसळलेल्या रबराचा चौकोन घ्या. काळं रबर नको. त्यातल्या काजळीने कॉइलचं ट्यूनिंग बिघडतं. स्टेशनरीच्या दुकानातलं पांढरं मोठं खोडरबरही चालतं, फक्त एक बाजू काचेवर पॉलिश-पेपर ठेवून सपाट घासून घ्यायची. पाणीही चालतं, पण साधं पाणी घेऊ नका: त्याचा टी-वन (पल्सनंतर केंद्रकं पूर्ववत व्हायला लागणारा काळ) दोन-अडीच सेकंदांचा, म्हणजे प्रत्येक स्कॅनमध्ये बारा सेकंद थांबावं लागतं. लिटरभर ऊर्ध्वपातित पाण्यात अडीच ग्रॅम मोरचूद विरघळवलं की तो सेकंदाच्या एक-दोन दशांशांवर येतो आणि एका सेकंदाचा विराम पुरतो. काचेची चपटी, तळ सपाट असलेली कुपी घ्या आणि झाकण मेणाने बंद करा.

कामाचा क्रम असा:

१. सेन्सर आदल्या संध्याकाळीच त्या खोलीत नेऊन पेटीबाहेर काढून ठेवा. रात्रभर. पेटीत ठेवला तर फोम त्याला गरम किंवा गार आहे तसाच राखतो.

२. सेन्सरच्या मागच्या व बाजूच्या अंगाला थर्मोकोलचं आवरण करा, कॉइलचं तोंड मोकळं ठेवून. खिडकीतून येणारं ऊन सेन्सरवर पडत असेल तर पांढरी चादर बांधा. पंखा लावू नका. तो एका अंगाने गार करतो आणि थर तिरपा होतो.

३. थर्मिस्टर (तापमान मोजणारा छोटा घटक) चुंबकाच्या धातूच्या चौकटीला चिकटवा, कॉइलच्या घराला नव्हे. कॉइल पल्सनेच तापते.

४. भिंतीला लावण्याआधी संदर्भाच्या तुकड्याची कड मोजा: ५० मायक्रोमीटरच्या पावलांनी दोन मिलिमीटर, आणि संकेत निम्म्यावर येतो ती जागा लिहून ठेवा. दर दोन तासांनी आणि शेवटी पुन्हा.

५. दोन कडांमधला फरक वेळेनुसार वाटून प्रत्येक आलेखाचा खोलीचा अक्ष तेवढा मागे घ्या. सकाळी कड १०.०० वर होती, दुपारी १०.४५ वर आली; मधल्या वेळेतला आलेख साधारण ०.२२ ने मागे.

कडेचा फरक भागिले तापमानाचा फरक केलं की तुमच्या यंत्राचा स्वतःचा गुणांक मिळतो. तो ४५ ते ५५ मायक्रोमीटरच्या आसपास आला तर निर्धास्त राहा. ८० किंवा २० आला तर थर्मिस्टर चुकीच्या जागी आहे किंवा चुंबक अजून समतोलात आलेला नाही.

वारंवारता बदलूनही भरपाई करता येते, अंशामागे सुमारे १५.७ किलोहर्ट्झ खाली. ती करू नका असं आमचं मत आहे. दहा अंशांना १५७ किलोहर्ट्झ सरकलं की कॉइल पुन्हा ट्यून करावी लागते, पल्स पुन्हा बसवावी लागते आणि एक चूक निस्तरताना दोन नव्या घरात येतात. अक्ष नंतर सरकवणं स्वस्त पडतं.

उंची बदलली तर

पहिला संशय कॉइलवर. पुराचं पाणी प्यायलेली, क्षार भरलेली भिंत वीज वाहून नेते. कॉइल तिच्याजवळ आली की अनुनादाची वारंवारता सरकते आणि कॉइलचा क्यू (अनुनादाची तीक्ष्णता) पडतो. हवेत ट्यून केलेला सेन्सर भिंतीला लावला की तो ट्यून राहत नाही. त्यातली खोच अशी की लिफ्टवर हे अंतर बदलत असतं. खोल थर मोजताना कॉइल भिंतीला अगदी चिकटते, वरचा थर मोजताना वीसेक मिलिमीटर लांब असते. म्हणजे नुकसान सगळ्या आलेखात सारखं नसतं, खोल बिंदूंना जास्त बसतं आणि आत भिंत कोरडी आहे असा खोटा निष्कर्ष निघतो.

ट्यूनिंग भिंतीसमोर, लिफ्ट मधल्या अंतरावर ठेवून करा. परावर्तनाची खाच (कॉइलकडून परत फिरणारी शक्ती सर्वांत कमी होते ती जागा) कामाच्या वारंवारतेवर हवी आणि वजा वीस डेसिबलपेक्षा खोल हवी. मग लिफ्ट दोन्ही टोकांना नेऊन खाच पुन्हा बघा. एखाद्या टोकाला ती वजा दहाच्या वर आली तर आलेख दोन भागांत घ्या आणि प्रत्येक भागासाठी वेगळं ट्यूनिंग करा. पल्सची ताकदही भिंतीवरच बसवा: पाच मिलिमीटर खोलीवर थांबून ताकद एक-एक डेसिबलने बदलत जा, संकेत सर्वांत मोठा येतो ती ९० अंशांची पल्स. १८० अंशांची पल्स तेवढ्याच लांबीची ठेवून ताकद ६ डेसिबलने जास्त. संध्याकाळी वीज जाऊन यंत्रणा इन्व्हर्टरवर गेली असेल तर हे परत करा.

दुसरा संशय इको टाइमवर (पल्सनंतर परत येणाऱ्या दोन संकेतांमधला, म्हणजे इकोंमधला वेळ), आणि तो बहुधा माणसाचा दोष असतो. सकाळच्या माणसाने १०० मायक्रोसेकंद ठेवले, दुपारच्याने ‘संकेत जरा बरा दिसावा’ म्हणून इको ऐकण्याची खिडकी लांबवली आणि इको टाइम २०० झाला. एवढ्या तीव्र ग्रेडियंटमध्ये पाण्याचे रेणू दोन इकोंच्या मधल्या वेळात सरकतात आणि तेवढ्यानेच संकेत मावळतो; हा परिणाम इको टाइमच्या वर्गाने वाढतो. मोकळ्या पाण्याला १०० मायक्रोसेकंदांवर या कारणाने संकेत टिकण्याच्या काळावर येणारी मर्यादा साधारण १३० मिलिसेकंद, २०० वर ३२, आणि ४०० वर फक्त ८. मोठ्या रंध्रांतलं पाणी यात सर्वाधिक मार खातं, बारीक रंध्रांतलं कमी. त्यामुळे दोन वेगळ्या इको टाइमचे आलेख नुसत्या गुणकाने जुळवता येत नाहीत. जुना आलेख टाकून द्या आणि इको टाइम फाइलच्या नावातच लिहायची सवय लावा.

तिसरं किरकोळ कारण निव्वळ तापमान. संकेत केल्व्हिन तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असतो. दहा अंशांना सुमारे साडेतीन टक्के. संदर्भाच्या तुकड्याच्या उंचीने भागलं की हे आपोआप वजा होतं. रबराचा टी-टू (संकेत मावळायला लागणारा काळ) मात्र तापल्यावर वाढतो, म्हणून भागताना पहिल्या काही इकोंचीच बेरीज घ्या.

गोंगाट

१३.५६ मेगाहर्ट्झ ही टॅप करून पैसे देण्याच्या यंत्रांची, कार्ड-कुलपांची आणि मोबाइलमधल्या एनएफसीची वारंवारता. सेन्सरच्या १३.१ च्या अगदी शेजारी. देवळाच्या देणगी-काउंटरवर असं यंत्र असेल तर ते मोजमापापुरतं बंद करायला सांगा, आणि चमूतल्या प्रत्येकाचं एनएफसी बंद. त्याखालोखाल त्रास स्वस्त एलईडी पट्ट्यांच्या ड्रायव्हरांचा, चार्जरांचा आणि इन्व्हर्टरचा. तपासायला पल्स न सोडता नुसतं ऐका आणि त्याचा वर्णपट बघा. एक सुई दिसली तर एखादा ठरावीक स्रोत, सपाट उंचावलेली जमीन दिसली तर वीजपुरवठा. घरातले स्विच एकेक करून बंद करत जा. पाच मिनिटांत चोर सापडतो. तांब्याची जाळी सेन्सरभोवती तंबूसारखी लावून ती स्पेक्ट्रोमीटरच्या (सेन्सर चालवणाऱ्या यंत्राच्या) अर्थला जोडली की बाकीचं निभावतं. जाळी भिंतीला टेकवू नका, चित्रं असतील तर नक्कीच नको.

लोह, वाळू आणि तिरकी मांडणी

काळ्या दगडात मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोह-खनिज असतं आणि ते थराची जागा हलवतं. सकाळ-दुपारचा फरक त्याने पडत नाही, पण खूण दोन सेंटिमीटर चुकली तर पडतो, आणि तो तापमानाचा फरक म्हणून खपतो. म्हणून सेन्सर ‘साधारण तिथेच’ लावणं बंद करा. तिपाईचे पाय जमिनीवर टेपने आखून ठेवा. गिलाव्यातली वाळूही बघा. कृष्णेच्या वाळूत काळे चुंबकीय कण असतात. गळून पडलेल्या पोपड्याचा चुरा कागदावर पसरून, पॉलिथिनच्या पिशवीत घातलेला छोटा चुंबक त्यावरून फिरवा. काळी मिशी उगवली तर अशा गिलाव्यात टी-टू आखूड असणार, इको टाइम जमेल तितका कमी ठेवा. पक्क्या लाल विटांचंही तेच.

सेन्सरचं तोंड रोज चिकटपट्टीने टिपून काढा. शेजारी कुठे ग्राइंडर किंवा वेल्डिंग चालू असेल तर लोखंडाची धूळ तिथे जमते आणि थर वाकतो. पेसमेकर असलेल्या माणसाला खोलीबाहेर ठेवा. खिळे, पाने, छिन्नी दोन हात लांब.

तिरकेपणाचा हिशोब सोपा आहे. संवेदनक्षेत्र ४० मिलिमीटर रुंद असेल तर एका अंशाच्या तिरकेपणाने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ०.७ मिलिमीटर फरक पडतो आणि सफेदीची कड पुसली जाते. चारही कोपऱ्यांतलं अंतर मोजून समान करा. गॅरेजमधलं स्टीलचं फिलर गेज इथे अजिबात आणू नका. चुंबक ते हिसकावून घेईल आणि मध्ये जे काही असेल, बोट किंवा चित्र, ते चिरडेल. ०.१ मिलिमीटरच्या पारदर्शक ओएचपी शीटच्या पट्ट्यांची गड्डी करा. कोपऱ्यांत एका पट्टीपेक्षा जास्त फरक नको. चित्र असलेल्या भागात पट्ट्याही घालू नका; तिथे कोपऱ्यांचं अंतर लेसर मापकाने घ्या आणि भिंतीपासून निदान दोन मिलिमीटर मोकळी हवा ठेवा. तेवढी खोली हातची जाते, जाऊ द्या.

एवढं करूनही पुढचे पाच मिलिमीटर जुळत नसतील

मग फरक भिंतीतलाच आहे. पंधरा-वीस मिलिमीटर आतली ओल काही तासांत बदलत नाही, त्यामुळे तो भाग जुळला हीच यंत्र बरोबर असल्याची पावती. पुढचा भाग मात्र दिवसभर हवेशी देवाणघेवाण करतो, विशेषतः लोणा असलेला. भिंतीत मीठ असेल तर हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावर ते हवेतलं पाणी ओढून विरघळतं आणि खाली आली की पुन्हा खडे धरतं. इतर क्षार मिसळलेले असतील तर ही हद्द आणखी खाली येते. म्हणून प्रत्येक आलेखाशेजारी आर्द्रता आणि भिंतीच्या पृष्ठभागाचं तापमान लिहिलेलं हवं. ते नसेल तर हा बदल पुढे कुणालाही उलगडणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच वेळी, त्याच खुणेवर तिसरा आलेख घ्या. पुढचा भाग पहिल्या सकाळच्या जागी परत आला तर भिंत श्वास घेते आहे आणि क्षार काढल्याशिवाय तिथे नवा गिलावा करू नये. परत आला नाही, दुपारच्याही खाली गेला, तर भिंत खरोखर वाळते आहे. अशा वेळी आठवड्यातून एक आलेख पुरे, सकाळचाच.